पंधरा लाडू, तेरा हजार किलोमीटर

निघायच्या आधी

नात मागच्या खेपेला पृथ्वीचा गोल नागपुरातच विसरून गेली. फूटभर व्यासाचा, स्टँडवर फिरणारा. मुलाने तिकिटं पाठवली त्या रात्री मी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, एक टोक नागपूरवर दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि दोरा ताणला. पस्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, त्यामुळे अंतर ऐकून समाधान होत नाही, ते मोजावं लागतं.

भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को पार डाव्या टोकाला. तेव्हा जायचं तर युरोपावरून पश्चिमेला, असंच कोणालाही वाटेल. गोलावर ताणलेला दोरा मात्र ना पश्चिमेला गेला ना पूर्वेला. तो जवळजवळ सरळ उत्तरेला सुटला. पश्चिम नेपाळ, तिबेट, मंगोलियाचं पश्चिम टोक, सैबेरिया, आर्क्टिकचा किनारा आणि मग अलास्कावरून खाली. बहात्तर अंश उत्तरेपर्यंत चढून उतरला. दोरा भरला साधारण एकतीस सेंटिमीटर. अक्षांश-रेखांश घेऊन सूत्रानेही काढलं : सुमारे १३,१०० किलोमीटर. गुंठ्याची आमची साखळी ३३ फुटांची. त्या हिशेबाने तेरा लाख साखळ्या. पूर्वीच्या दोन चेनमनना घेऊन निघालो असतो तर अजून काटोलच्या पुढे गेलो नसतो.

आदल्या दिवशी उगाच झिरो माइलला जाऊन आलो. तो खांब, ते चार घोडे आणि खालच्या दगडावर मैलांत कोरलेली अंतरं. हैदराबाद आहे, चांदा आहे, जबलपूर आहे. आमचं ठिकाण नव्हतं, अर्थातच.

हिला येता येणार नव्हतं. आई अठ्ठ्याऐंशीची, तिला एकटीला सोडायचं कसं? तर हिने राजगिऱ्याचे लाडू करून दिले. सकाळचा चहा आणि एक लाडू, हे माझं गेली कित्येक वर्षं ठरलेलं आहे. "पंधरा आहेत, मोजून दिलेत. २६ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, रोज एक. नातीला दिले तर तुमचे कमी पडतील, मग मला बोलू नका."

शनिवार, २५ मे

नवतपाचा पहिला दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस आमच्याकडे आग ओकतात. संध्याकाळी पाच वाजता घर सोडलं तेव्हाही रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कूलरची खस ओली करून, आईच्या पाया पडून निघालो.

विमानतळावर माझ्या हातातल्या बॅगेने घोळ केला. मशीनच्या पडद्याकडे बघणारा जवान थांबला, त्याने दुसऱ्याला बोलावलं. बॅगेतून निघाला माझा पितळी ओळंबा. खाली टोक असलेला, चांगला वजनदार. नातीला दाखवायला घेतला होता.

"ये क्या है?"

मी जमेल त्या हिंदीत ओळंबा समजावला. दोरी धरून लटकवूनही दाखवला. जवान हसला, पण मान हलवली. चूक त्याची नव्हतीच. टोकदार जड वस्तू मोठ्या बॅगेत टाकायची असते आणि ती बॅग केव्हाच आत गेली होती. शेवटी बाहेर थांबलेल्या शेजाऱ्याला फोन करून ओळंबा परत घरी पाठवला. अवजारं, अडकित्ता, नारळ फोडायची कोयती असलं काही नेणार असाल तर घरूनच मोठ्या बॅगेत भरा.

दिल्लीपर्यंत ८५५ किलोमीटर, पावणेदोन तासांच्या आत. दिल्लीवरून गेलं तर वाट किती वाकडी होते, तेही काढलं होतं : फक्त सव्वाशे किलोमीटर. दोहावरून गेलं तर मात्र सुमारे २,७०० किलोमीटर जास्त. परतीचं तिकीट तसं होतं. अंतर वाढतं, पण दोहाचं विमान थेट नागपूरला उतरवतं. अंतर आणि सोय यांचं नेहमी असंच असतं.

दिल्लीला सहा-साडेसहा तास बसून काढले. सांगण्यासारखं काही नाही, इतकंच की स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा. नवतपातून आलेला माणूस त्या एसीत कुडकुडतो.

रविवार, २६ मे (पहिला)

पहाटे चारला विमान उडालं. शेजारी परतवाड्याच्या एक काकू. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, विमानात पहिल्यांदाच. पिशवीत डिंक, खसखस, बाळंतशेपा. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवलं, त्यांनी मला आवळासुपारी दिली. ओळख झाली.

तासाभरातच खिडकीत तांबडं फुटलं. मी डबा उघडला, चहा मागितला आणि पहिला लाडू खाल्ला. काकूंना पुढे केला तर म्हणाल्या, "राजगिरा चालते, पण राहू द्या. आज संकष्टी आहे माझी. निरंकार करतो मी, चंद्र पाहूनच सोडतो."

मी पडद्यावरचा नकाशा पाहिला आणि गप्प बसलो. नागपूरच्या पंचांगात चंद्रोदय रात्री पावणेदहाच्या सुमाराचा. तो आम्हाला कुठे आणि किती वाजता दिसणार होता, हे गणित सोपं नव्हतं.

विमान माझ्या दोऱ्यावरून गेलंच नाही. ब्रह्मदेशाकडे वळलं, मग चीन, मग जपान आणि तिथून प्रशांत महासागर. म्हणजे पूर्वेला. जवळची वाट सोडून लांबची का धरली, ते जपान ओलांडल्यावर पडद्यानेच सांगितलं : ताशी १,०९० किलोमीटर. मागून वारा लागला होता. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची नदीच वाहते. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि खाली फिरणारी पृथ्वी, या तिघांचा तो खेळ. हे वारे १९२० च्या दशकात जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला. जगात ती भाषा वाचणारे किती? अहवाल पडून राहिला. सरकारी मोजणीदाराला हे दुःख कळतं.

एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांतवरून नेलं, तेव्हा वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, १५,३०० किलोमीटर झाली, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत पोचले. किलोमीटर जास्त, तास कमी. आमच्या खात्यात असा अहवाल दिला असता तर साहेबांनी फाइल परत पाठवली असती.

माझ्या मनगटावर नागपूरचे बारा वाजले होते आणि बाहेर ऊन तिरपं झालं होतं. आम्ही सूर्याच्या उलट दिशेने पळत होतो, त्यामुळे तो दुप्पट वेगाने मागे पडत होता. पाऊण-एक तासात मावळलाही. त्याच सुमाराला दिनांक रेषा ओलांडली. खाली समुद्रावर रविवारची संध्याकाळ होती, तिची शनिवारची संध्याकाळ झाली. पडद्यावर रेषा वगैरे काही दाखवत नाहीत. हद्दीचा दगड नाही, काही नाही.

काकू दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "निघाला का?" जेवणाचा ट्रे त्यांनी दोनदा परत पाठवला. हवाईसुंदरीला वाटलं तब्येत बरी नाही. उजवीकडच्या खिडकीत एक पंजाबी मुलगा झोपला होता, त्याला उठवून सगळं सांगितलं. तो बिचारा खिडकीला नाक लावून पहाऱ्यालाच बसला. माझ्या घड्याळात दुपारचे पावणेचार झाले असतील. तो एकदम ओरडला, "आंटीजी, आ गया!" पंखाच्या पुढे, ढगांच्या कडेवर, तांबूस, एका बाजूने झिजलेला चंद्र. काकू दोघांच्या मांडीवरून वाकून खिडकीपर्यंत गेल्या, हात जोडले, बाटलीच्या झाकणातलं चमचाभर पाणी अर्घ्य म्हणून पेल्यात सोडलं आणि जागेवर येऊन म्हणाल्या, "आता आणा म्हणा तो ट्रे."

घरी दुपारचा चहा व्हायचा होता, खाली समुद्रावर शनिवारची रात्र होती आणि काकूंची रविवारची चतुर्थी सुटली. तिथी तेव्हा लागली होती का, हे पंचांगवाल्यांनी पाहावं. मी त्या वेळी त्यांना विचारलं नाही.

रविवार, २६ मे (दुसरा)

पुन्हा तांबडं फुटलं. चारला निघालेलं विमान सात वाजून दहा मिनिटांनी उतरलं. तीच तारीख, तोच वार. मध्ये पंधरा तास चाळीस मिनिटं गेलेली.

सामान तपासणीला खाण्याचे पदार्थ आहेत असं आधीच सांगितलं. अधिकाऱ्याने डबा उघडून पाहिला, "लड्डू?" म्हणाला आणि सोडलं. लपवू नका, दंड होतो. आंबे, संत्री, कुठलंही ताजं फळ नेऊ नका. मे महिन्यात मोह होतो, तरी नको.

फ्रीमाँटला मुलाच्या घरी पोचलो तेव्हा नागपूरचं घर सोडून सव्वाएकोणतीस तास झाले होते. त्यातले सतरा-साडेसतरा हवेत, बाकीचे बारा रांगेत आणि खुर्चीत. दोऱ्याच्या अंतराने सरासरी ताशी साडेचारशे किलोमीटर. तिकिटावर यातलं फक्त उड्डाण लिहिलेलं असतं. म्हणून घरून निघाल्यापासून मोजायची सवय ठेवा, पाठीला त्याचीच आठवण राहते.

सूनबाईंनी चहा ठेवला. सकाळ होती, म्हणून मी दुसरा लाडू खाल्ला. एका तारखेला दोन झाले, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

२७ ते ३१ मे

फारसं काही केलं नाही. सोमवारी मुलाला मेमोरियल डेची सुट्टी होती, त्या दिवशी मी सोफ्यावर बसल्या बसल्या घोरलो. रात्री अडीचला टक्क जाग यायची. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यातली सोपी युक्ती : घरचे आठ वाजले असतील तर इथे साडेसात, फक्त सकाळची संध्याकाळ करायची आणि वार एक मागे घ्यायचा. रात्रीचे असतील तर रात्रीची सकाळ, वार तोच.

बुधवारी मी सावजी मसाला काढला. नागपूरहून एवढ्याकरताच आणला होता. सूनबाई कोल्हापूरकडची, तिला वाटलं तिखट आपल्याला नवीन नाही. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजलं, तेलात मसाला सोडला आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. मुलगा उशी घेऊन त्याच्याखाली वारा घालत होता, नात कानात बोटं घालून नाचत होती. शेजारची व्हिएतनामी आजी बघायला आली ती वाटीभर रस्सा घेऊनच गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, त्यात आंबट कैरीचं काहीतरी होतं. आम्हा दोघांनाही इंग्रजी सारखंच येत होतं, त्यामुळे छान जमलं.

शनिवार, १ जून : सरकलेलं कुंपण

गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला, मधला गाळा १,२८० मीटरचा. हे मी वाचून गेलो होतो. दिसला खांबाचा खालचा भाग आणि त्यावर धुकं. नागपूरला त्या दिवशी नवतपा संपायला एक दिवस बाकी होता आणि मी मुलाचं जाकीट, सुनेचा स्कार्फ गुंडाळून दात वाजवत होतो. पुलाच्या रंगाचं अधिकृत नाव 'इंटरनॅशनल ऑरेंज' आहे. संत्रानगरीचा माणूस म्हणून सांगतो, ते संत्रं नाही, विटेचा रंग आहे. जून-जुलैत जाणार असाल तर गरम कपडे न्याच. आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने गेलेला प्रत्येक जण तिथे दुकानातून स्वेटर विकत घेताना दिसतो.

पण मला जायचं होतं पुढे, पॉइंट रेयेसला. तिथे बेअर व्हॅलीत एक छोटी पायवाट आहे, भूकंपाची. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीच्या पोटातली लांबलचक भेग, फाटला तेव्हा इथली जमीन एका झटक्यात सुमारे २० फूट वायव्येला सरकली. लाकडी कुंपण तुटलं आणि दोन तुकडे एकमेकांपासून दूर जाऊन उभे राहिले. ते आजही तसं दाखवलं आहे. इकडून येणारी ओळ संपते, मग गवत, आणि पलीकडे बाजूला सरकून तीच ओळ पुढे चालू.

मी तिथे अर्धा तास उभा होतो. बाकीचे लोक फोटो काढून पाच मिनिटांत जायचे. मी आयुष्यभर हद्दीची भांडणं पाहिली. फूटभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात, दगड रात्रीतून सरकवलेले, सकाळी आम्हाला शिव्या. इथे वीस फूट सरकलं आणि सरकवणारा कोणी नाही. दावा कोणावर लावायचा? मनातल्या मनात मी हद्द कायम करून पाहिली. जुन्या नकाशाने की जागेवरच्या वहिवाटीने? काही जमलं नाही.

नात म्हणाली, "आजोबा, दोरा आणायला पाहिजे होता." मला ओळंब्याची आठवण झाली.

गुरुवार, ६ जून : तिथलं झिरो माइल

मुलाने रजा काढली आणि आम्ही माउंट डियाब्लोला गेलो. डियाब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये सैतान. उंची ३,८४९ फूट, वाट वळणावळणाची आणि सायकलवाल्यांनी भरलेली. वर खायला-प्यायला काही मिळत नाही, पाणी घेऊन जा. सूर्यास्ताला फाटक बंद होतं.

हा डोंगर बघायला प्रवासी सहसा येत नाहीत. पण १८५१ साली लिअँडर रॅन्समने या शिखरावर मोजणीचा आरंभबिंदू ठरवला. इथून एक रेषा उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. उत्तर कॅलिफोर्नियाचा बहुतेक भाग आणि अख्खा नेवाडा यांच्या जमिनीच्या नोंदी आजही या टोकापासून मोजल्या जातात. सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकात एक चौरस मैलाचे ३६ तुकडे. मुलाच्या घराच्या कागदावरही या डोंगराचं नाव आलेलं असू शकतं, हे त्याला माहीत नव्हतं. वर दगडी इमारत आहे आणि शिखराचा खरा खडक तिच्या आत, फरशीतून वर आलेला. मी वाकून त्याला हात लावला. पाया पडलो म्हणा ना.

मुलाला मी हिंगणघाटची गोष्ट सांगितली. हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरला येता येता २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. माझी तिथे बदली होती तेव्हा मी जाऊन आलो. नागपूर त्याच्यापासून फक्त पंचाहत्तर किलोमीटर राहिलं होतं.

"बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाही हे."

"तू कधी हिंगणघाटला आला होतास?"

शनिवार-रविवार, ८ आणि ९ जून

शनिवारी सकाळी चहाबरोबर लाडू खाल्ला आणि डब्याचा तळ दिसला. दुपारी चारला विमान सुटलं. हेही आधी उत्तरेला, मग पूर्वेला : कॅनडा, ग्रीनलँड, मग युरोप उतरून दोहा. सुमारे १३,००० किलोमीटर, साडेपंधरा तास. म्हणजे मी गेलो पूर्वेला आणि परत आलो तेही पूर्वेलाच. मोजणीत आम्ही ज्या खुंटीपासून सुरू करतो त्याच खुंटीवर परत येऊन मिळवणी करतो, तशी पृथ्वीला चक्कर झाली.

ग्रीनलँडच्या आसपास सूर्य क्षितिजावर आला, तिथे टेकला आणि मावळलाच नाही. डावीकडच्या खिडकीत कडेकडेने सरकत राहिला आणि तासाभराने पुन्हा वर चढायला लागला. सगळं विमान पडदे ओढून झोपलं होतं. याला सकाळ म्हणायचं की नाही? मी म्हटलं, म्हणू. चहा मागितला, सवयीने डबा उघडला. रिकामा.

दोहाला थांबायला फार वेळ नव्हता. फाटकाजवळ काटोलचा एक मुलगा भेटला, तिथे बांधकामावर टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, चालवतो. साखळीने मोजायचो म्हटल्यावर त्याने मला असं पाहिलं जसं मी बैलगाडीने आलो होतो. त्याच्या सामानात आईसाठी खजुराचा पाच किलोचा खोका होता, त्यातले चार मला दिले. सकाळच्या लाडवाची भरपाई झाली.

सोमवार, १० जून

पहाटे अडीचला नागपूर. दार उघडताच गरम हवेचा वास आला, पण त्यात कुठेतरी ओली माती होती. वर्धा रोडवर दोन थेंब काचेवर पडले.

सकाळी उठल्यावर मी हिला म्हटलं, "एक लाडू कमी दिलास. काल डबा रिकामा होता."

"पंधरा दिले होते. मोजून."

"मग पुरले कसे नाहीत?"

"तिथं कोणी खाल्ला असेल."

कोणी खाल्ला नव्हता. मी वही काढली. रोज सकाळी एक ओळ लिहायची सवय आहे. ओळी मोजल्या तर सोळा. कॅलेंडरवर हिने फुल्या मारल्या होत्या, त्या पंधरा. मग लख्ख समजलं. मॅगेलनच्या ताफ्यातले लोक पश्चिमेकडून चक्कर मारून १५२२ साली केप व्हर्डेला पोचले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार होता. त्यांचा एक दिवस गेला, माझा एक वाढला. मी गोल आणला, दोरा आणला आणि हिला स्वयंपाकघरात सगळं समजावून सांगितलं. सूर्याच्या सामोरं जात राहिलं की प्रत्येक दिवस थोडा आखूड होतो, ते तुकडे जमून एक पूर्ण सकाळ जास्तीची होते. हिने पोळी उलटवत ऐकलं.

आत बाजेवर आई जागी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"तुझ्या सकाळी सोळा झाल्या म्हणतो?"

"हो आई."

"अन् चतुर्थ्या किती झाल्या?"

मी विचार केला. "एकच."

"मग तू बरोबर मोजलं नाही," आई म्हणाली आणि कूस बदलली.